श्रद्धा आणि सचोटी : खानदेशातील ख्रिस्ती माणसाचे कामाच्या ठिकाणचे जीवन

१ मे हा दिवस आपल्या राज्यात तीन नावांनी ओळखला जातो. तो महाराष्ट्र दिन आहे, कामगार दिन आहे आणि ख्रिस्तसभेच्या उपासना-पंचांगानुसार कामगार संत योसेफ यांचा सणही आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये हा सण सुरू केला. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत त्या सुमारास ऊन असह्य झालेले असते. सकाळी लवकर कचेरीत किंवा शाळेत ध्वजवंदन आणि सवडीप्रमाणे मिस्सा, असा आपल्यापैकी अनेकांचा त्या दिवशीचा क्रम असतो. ध्वजासमोर उभा राहणारा लिपिक आणि वेदीसमोर गुडघे टेकणारा श्रद्धावंत हा एकच माणूस आहे, असे त्या दिवशी प्रवचनातून आपण ऐकतो. दुसऱ्या दिवशी टेबलावर फाइल येते, तेव्हा ते ऐकलेले पारखले जाते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात मोडतात. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन हा धर्मप्रांत स्थापन झाला. खानदेशात ख्रिस्ती लोकसंख्या थोडी आणि विखुरलेली आहे. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे, भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणीतील कामगार, मिशनच्या शाळांतील शिक्षक, रुग्णालयांतील परिचारिका, सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी शेतकरी व मजूर असे तिचे स्वरूप आहे. अशा ठिकाणी ख्रिस्ती माणूस एखाद्या विभागात बहुधा एकटाच असतो. सहकाऱ्यांनी पवित्र शास्त्र वाचलेले नसते. ते त्या एका माणसाकडे पाहूनच ख्रिस्ती श्रद्धेविषयी मत बनवतात, हे आपल्याला आवडो वा न आवडो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात (परिच्छेद ४३) श्रद्धा आणि दैनंदिन व्यवहार यांच्यातील फारकतीची गणना आपल्या काळातील गंभीर चुकांमध्ये केली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये प्रापंचिकांना उद्देशून लिहिलेल्या प्रबोधनपत्रातही (परिच्छेद ५९) हाच विषय आहे. प्रापंचिकाला आध्यात्मिक आणि लौकिक अशी दोन समांतर आयुष्ये जगता येणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. तत्त्व स्पष्ट आहे. ते खानदेशातील कचेरीत, बाजारात आणि शेतावर कसे लागू होते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका अध्यायातील दोन माणसे

या विषयावर सहसा जक्कयाची कथा सांगितली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा वाटतो. अराम देशाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होतो आणि इस्राएलच्या देवावर श्रद्धा ठेवतो. मात्र त्याला परत आपल्या नोकरीवर जायचे आहे. त्याचा राजा रिम्मोन देवतेच्या मंदिरात जातो, तेव्हा राजा त्याच्या हातावर टेकतो आणि राजा वाकला की नामानालाही वाकावे लागते. या गोष्टीची आपल्याला क्षमा व्हावी, अशी विनंती तो अलीशा संदेष्ट्याला करतो. अलीशा त्याला दटावत नाही, नोकरी सोडण्यासही सांगत नाही. त्याला शांतीने निरोप देतो.

लगेच पुढच्या ओळींत अलीशाचा सेवक गेहजी येतो. आपल्या धन्याने नामानाची भेट नाकारली हे त्याला रुचलेले नाही. तो रथामागे धावतो, धन्याच्या नावाने खोटे सांगतो आणि चांदी व कपडे घेऊन येतो. ते घरात लपवून तो धन्यासमोर उभा राहतो आणि आपण कुठेही गेलो नव्हतो, असे म्हणतो. नामानाचे कुष्ठ त्याला चिकटते.

हे दोन प्रसंग पवित्र शास्त्राने शेजारी ठेवले आहेत. परधर्मीयांच्या देवळात कर्तव्य म्हणून वाकणाऱ्या नवख्या श्रद्धावंताला शांती मिळाली, आणि संदेष्ट्याच्या घरात राहणाऱ्या, दिवसरात्र देवाचे नाव ऐकणाऱ्या सेवकाला शिक्षा. आपल्या समाजात या दोहोंकडे नेमके उलट पाहिले जाते. कचेरीतील पूजेला कोण उभा राहिला याची चर्चा आठवडाभर चालते. कोणाच्या घराचा मजला कशातून चढला, हे मात्र कोणी विचारत नाही.

कचेरीतील पूजा

दसऱ्याला कारखान्यांत, एसटीच्या आगारांत आणि रेल्वेच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा होते. काही कचेऱ्यांत वर्षातून एकदा सत्यनारायण असतो, गणपती बसतो, त्यासाठी वर्गणी काढली जाते. तरुण नोकरदार या बाबतीत वारंवार विचारणा करतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे.

ख्रिस्तसभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींविषयी आदर व्यक्त केला आहे. सहकाऱ्यांच्या सणाला सौजन्याने उपस्थित राहणे, यंत्र स्वच्छ करून देणे, खुर्च्या लावणे, शुभेच्छा देणे यात श्रद्धेला बाध येत नाही. स्वतः यजमान होऊन पूजा करणे ही वेगळी गोष्ट आहे. ती उपासना आहे, आणि जी उपासना मनापासून करता येत नाही ती देखाव्यासाठी करणे हा त्या सहकाऱ्यांच्या धर्माचाही अनादर ठरतो. साहेबांना आधीच नम्रपणे सांगून ठेवले तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. राज्यघटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, परंतु प्रत्येक वेळी कलमापर्यंत जाण्याची गरज नसते.

प्रसादाविषयी संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ८ ते १०) सविस्तर विवेचन केले आहे. मूर्ती ही मुळात काही नाही, हे तो मान्य करतो. तरीही आपल्या वागण्याने दुर्बल श्रद्धेच्या बंधूचा विवेक गोंधळात पडू नये आणि देवाच्या मेजाची सरमिसळ होऊ नये, असे दोन निकष तो घालून देतो. यातून प्रत्येक प्रसंगाचे एकच उत्तर निघत नाही. आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंशी बोलून ठरवावे. एवढे मात्र खरे, की प्रसाद मोठ्याने नाकारणारा हात त्याच दुपारी पाकीट मुकाट्याने स्वीकारत असेल, तर सहकाऱ्यांच्या लक्षात त्या दोन गोष्टी एकत्रच राहतात.

गेहजीचा मार्ग

लाच या शब्दाला आपल्याकडे अनेक सौम्य नावे आहेत : चहापाणी, चिरीमिरी, टक्केवारी, वरकमाई. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीने (१९९२, परिच्छेद २४०९) भ्रष्टाचार सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीच्या प्रकारांत गणला आहे. त्याच यादीत खोटी बिले, करचुकवेगिरी, सार्वजनिक मालमत्तेचा खासगी वापर आणि नीट न केलेले काम यांचाही समावेश आहे. न केलेल्या प्रवासाचे टी.ए. बिल, ओळखीच्या दुकानातून आणलेली औषधांची पावती किंवा हजेरीवर सही करून घरी जाणे या गोष्टी पापनिवेदनात क्वचितच ऐकू येत असतील.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार व शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडण्यास सांगितले नाही (लूक ३ : १२-१४). ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, कोणाला धाक घालू नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. महसूल, पोलीस, भूमी अभिलेख अशा खात्यांत काम करणाऱ्यांनी हा उतारा लक्षात ठेवावा. 'त्या खात्यात राहून हे शक्य नाही' हे म्हणणे योहानाला मान्य नव्हते.

भ्रष्टाचाराचे मोल कोण चुकवतो हे खानदेशाने जवळून पाहिले आहे. जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात गरिबांसाठी सुमारे ११ हजार घरकुले बांधण्याची योजना हाती घेतली. त्यांपैकी थोडीच पूर्ण झाली. २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत राज्याचे माजी मंत्री होते, तसेच अनेक नगरसेवक होते. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली, त्यामुळे व्यक्तींविषयी येथे काही म्हणायचे नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की, मोठा गैरव्यवहार एका माणसाच्या हातून होत नाही. त्याला टिप्पणी लिहिणारा, मोजमापावर सही करणारा, ठरावाला हात वर करणारा आणि पाहूनही गप्प बसणारा लागतो. यांपैकी एखाद्या जागी आपलाच माणूस बसलेला असू शकतो. दुसरा मुद्दा फिर्यादीचा. ज्या अधिकाऱ्याने फिर्याद दिली, त्याने आपल्या टेबलावर आलेले कागद वाचले होते.

अशा प्रसंगी किती किंमत मोजावी लागू शकते, याचे उदाहरण अलीकडेच ख्रिस्तसभेने जगापुढे ठेवले आहे. आफ्रिकेतील कांगो देशाच्या गोमा शहरात फ्लोरिबेर ब्वाना चुई हा २६ वर्षांचा तरुण सीमेवर येणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात नोकरीला होता. खाण्यास अयोग्य झालेल्या तांदळाला मंजुरी द्यावी म्हणून त्याला पैसे देऊ करण्यात आले, वरून दबावही आला. त्याने नकार दिला आणि माल नष्ट करवला. जुलै २००७ मध्ये त्याचे अपहरण करून त्याला ठार मारण्यात आले. १५ जून २०२५ रोजी रोममध्ये त्याला धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. तो धर्मगुरू नव्हता, व्रतस्थही नव्हता. एका कागदावर सही करायची की नाही, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न होता. त्या सहीपलीकडे तो तांदूळ खाणारी माणसे त्याला दिसत होती.

लाच देणाऱ्याचे काय?

हा प्रश्न गरिबांचा आहे आणि त्याचे उत्तर कठोरपणे देऊ नये. जातीचा दाखला, सातबाऱ्यावरील नोंद, घरकुलाचा हप्ता या आपल्या हक्काच्या गोष्टींसाठी अडवणूक झाली म्हणून ज्याने पैसे दिले, त्याचा दोष आणि अपात्र असताना पैसे देऊन कंत्राट किंवा नोकरी मिळवणाऱ्याचा दोष नीतिशास्त्र एका मापाने मोजत नाही. पहिला बहुतांशी पिळला गेलेला आहे. दुसऱ्याने कोणाची तरी जागा विकत घेतली आहे. अनुदानित शाळेत 'भरून' लागलेल्या शिक्षकाने हा भेद स्वतःशी करून पाहावा.

कायदा मात्र २०१८ पासून अधिक कडक झाला आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ यातील दुरुस्तीनुसार (२६ जुलै २०१८ पासून लागू) लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण मिळते. लाच मागितल्याबरोबर, पैसे देण्यापूर्वीच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते. १०६४ हा त्या विभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे आणि जळगाव व धुळे जिल्हे त्याच्या नाशिक परिक्षेत्रात येतात. याशिवाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत टळली तर अपील करता येते. अर्जाची पोच घेण्याची सवय लावून घेतली तरी निम्मी अडवणूक कमी होते, असा अनुभव आहे. धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुणांनी महिन्यातून एक रविवार मिस्सेनंतर वडीलधाऱ्यांचे अर्ज लिहून देण्यासाठी ठेवला, तर ती एखाद्या शिबिरापेक्षा मोठी सेवा होईल.

आणि घेतलेल्या पैशांचे काय? धर्मशिकवण (परिच्छेद २४१२) याबाबत निःसंदिग्ध आहे : अन्यायाने घेतलेले परत करावे लागते. जक्कयाने चौपट देण्याचे कबूल केले. ज्याचे घेतले तो माहीत असेल तर त्याला, तो सापडत नसेल तर गरिबांना, ही ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. शासनाचे बुडवले असेल तर शासनाकडे भरावे. पापनिवेदनाचा गुप्तपणा अबाधित असतो, त्यामुळे परतफेड कशी करावी याविषयी धर्मगुरूंचा सल्ला निर्धास्तपणे घ्यावा. मात्र अशा पैशातून देवळाला पंखे किंवा घंटा भेट देऊन वर नावाची पाटी लावणे, याला परतफेड म्हणता येणार नाही.

काम, वजन आणि मजुरी

नीट न केलेले काम हीही चोरी आहे, हे वर आलेच. खानदेशाच्या मातीत या विचाराचे मोठे उदाहरण आहे आणि ते ख्रिस्ती नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांची आजारपणात त्यांनी आईप्रमाणे केलेली सेवा आजही तेथे सांगितली जाते. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा ती उतरवून घेण्याचे कष्ट गुरुजींनीच घेतले. कर्म आणि भक्ती वेगळी करता येत नाहीत, हे विवेचन आपल्याच जिल्ह्यातील एका तुरुंगात झाले आहे. त्या काळातल्या कैद्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. आपण ते शेजाऱ्याचे म्हणून बाजूला ठेवू नये.

आजच्या शिक्षकापुढील कसोटी कॉपीची आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत निकालाच्या टक्केवारीसाठी फळ्यावर उत्तरे लिहून देणारा शिक्षक आपण मुलांवर उपकार करत आहोत असे समजतो. त्या वर्गात रात्रभर अभ्यास करून आलेली एखादी मुलगी असते.

व्यापाराविषयी पवित्र शास्त्र विलक्षण तपशिलात बोलते. लेवीय (१९ : ३५-३६) खऱ्या तराजूची व खऱ्या मापांची आज्ञा देते. आमोस संदेष्टा (८ : ५) शब्बाथ कधी संपतो आणि माप लहान करून धान्य कधी विकतो, अशी घाई झालेल्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढतो. कापसाच्या खरेदीत क्विंटलमागे कापली जाणारी कट्टी, केळीच्या काट्यावर होणारी वजनातली लबाडी आणि जाहीर भावापेक्षा कमी भावाने बांधावरच केलेला सौदा या गोष्टी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला आमोस समजावून सांगावा लागत नाही. आपल्यात मोठे व्यापारी थोडे आहेत. पण शेतकरी आहेत आणि ओल्या कापसाचा भार वाढवण्याची युक्ती शेतकऱ्यालाही माहीत असते.

मजुरीविषयी थोडे अधिक. पाडवा-आखाजीच्या सुमारास सालदार ठरतात. सालदार बहुधा भिल्ल किंवा पावरा समाजाचा असतो, काही वेळा आपल्याच श्रद्धेचा. आधी दिलेली उचल वर्षभर त्याच्या मानेवर राहते आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. अनुवाद (२४ : १४-१५) सांगते की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. धर्मशिकवण (परिच्छेद १८६७) मजुराच्या मजुरीतील अन्यायाला स्वर्गापर्यंत टाहो फोडणाऱ्या पापांत गणते, म्हणजे खुनाच्या पंक्तीला बसवते. ज्यांच्याकडे सालदार आहे किंवा धुणीभांडी करणारी बाई आहे, त्यांनी हिशेबाची एक प्रत त्यांच्या हातीही द्यावी. त्यांना वाचता येत नसेल तर त्यांच्या मुलांना येते.

आपल्या संस्था

इतरांना सांगण्यापूर्वी स्वतःच्या घरात पाहावे लागते. ऑक्टोबर २०११ मध्ये शासनाने राज्यभरातील शाळांची पटपडताळणी केली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले फार मोठ्या संख्येने आढळली. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळांनी प्रवेश, शिक्षकभरती आणि बांधकामाचे हिशेब पालकांना व धर्मग्राम परिषदेला दाखवता येतील असे ठेवले पाहिजेत. पोप फ्रान्सिस यांनी २९ एप्रिल २०२१ रोजी काढलेल्या आदेशाने व्हॅटिकनमधील वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना, कार्डिनलांसह, आपण आर्थिक गैरव्यवहारात दोषी नाही असे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि कर्मचाऱ्यांना ४० युरोपेक्षा अधिक किमतीची भेट घेण्यास मनाई केली. जेथे कार्डिनलांना सही करावी लागते, तेथे एखाद्या शाळेच्या व्यवस्थापकाने हिशेब मागितल्याबद्दल राग मानू नये.

धर्माचा रकाना

आतापर्यंतच्या प्रश्नांत योग्य काय ते माहीत असते, ते करणे अवघड असते. शेवटचा प्रश्न तसा नाही. नोकरीच्या अर्जात धर्म हा रकाना असतो आणि नगर-नाशिककडून नोकरीनिमित्त खानदेशात येऊन स्थायिक झालेल्या काही कुटुंबांना तो रकाना भरताना घाम फुटतो.

संविधान (अनुसूचित जाती) आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. परिणामी ज्याच्या आजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले, ज्याच्या आजीला पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याने बाप्तिस्मा घेतला की कायद्याच्या दृष्टीने तो इतिहासच पुसला जातो. गावाच्या दृष्टीने मात्र तो पुसला जात नाही. भारतीय ख्रिस्तसभेने या अन्यायाविरुद्ध सातत्याने आवाज उठवला आहे आणि १० ऑगस्ट हा निषेध दिन म्हणून पाळला जातो. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला.

दरम्यान अनेक कुटुंबे दोन नोंदींत जगत आली. देवळाच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरा धर्म. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात निकाल दिला की, प्रत्यक्षात ख्रिस्ती श्रद्धा पाळणाऱ्या व्यक्तीने केवळ आरक्षणाच्या लाभासाठी आपण हिंदू असल्याचे सांगणे हा संविधानाशी केलेला कपट आहे. त्या निकालात बाप्तिस्म्याची नोंद आणि देवळात नियमित जाणे या गोष्टी पुरावा म्हणून विचारात घेतल्या गेल्या. त्यामुळे हा प्रश्न आता मनातल्या मनात ठेवण्याजोगा राहिलेला नाही.

आदिवासी श्रद्धावंतांची स्थिती वेगळी आहे आणि याविषयी गैरसमज असल्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. साक्री, शिरपूर, नवापूर या भागांतील भिल्ल, पावरा, मावची किंवा कोकणी समाजाचा माणूस ख्रिस्ती झाल्याने त्याचा जमातीचा दर्जा आपोआप जात नाही. हा दर्जा काढून घ्यावा अशी मागणी काही संघटना करतात, परंतु मागणी म्हणजे कायदा नव्हे. भीतीपोटी बाप्तिस्मा लपवण्याचे त्यांना कारण नाही.

ज्यांना कारण आहे, त्यांना काय सांगावे? अन्यायाने वागवणाऱ्या नियमापुढे पोटासाठी खोटे लिहिणाऱ्या बापाला गेहजीच्या रांगेत बसवणे मला तरी जमत नाही. गेहजीला पोटाची चिंता नव्हती. तरीही शपथेवर लिहिलेले असत्य हे असत्यच राहते आणि ते पिढ्यान्पिढ्या सांभाळावे लागते. मुलाचा बाप्तिस्मा घरातल्या घरात व्हावा, विवाहाची पत्रिका छापू नये, अंत्यविधीला क्रूस नको, असे करत करत श्रद्धाच कुजबुजीची होऊन जाते. ज्यांची नोकरी अजून लागलेली नाही, त्या तरुणांनी पहिल्याच अर्जात खरे लिहावे आणि सर्वसाधारण किंवा आपल्याला लागू असलेल्या अन्य प्रवर्गातून प्रयत्न करावा. जे आधीच अडकले आहेत, त्यांनी एकट्याने कुढत न बसता धर्मगुरूंशी आणि जाणकार वकिलाशी बोलावे. त्यांच्याविषयी धर्मग्रामात कुजबुज करणाऱ्यांनी आपल्या टी.ए. बिलांकडे एकदा पाहावे. आणि अन्याय दूर करण्याच्या मागणीत ज्यांना हा फटका बसत नाही अशा ख्रिस्ती बांधवांनी पुढे उभे राहावे, कारण अडकलेल्याला उघडपणे उभे राहता येत नाही.

धर्मगुरूंपुढेही हा पेच येतो. बाप्तिस्म्याची नोंद करू नका, दाखल्यावर तारीख बदलून द्या किंवा चौकशीला कोणी आले तर वही दाखवू नका, अशी विनंती जुने ओळखीचे श्रद्धावंत करतात. नोंदवही ही त्या धर्मगुरूंची खासगी वस्तू नसते. ती ख्रिस्तसभेचा दस्तऐवज आहे आणि तिच्यात खाडाखोड करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दानीएलाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दरबारातील अधिकारी त्याला पदच्युत करण्यासाठी प्रथम त्याच्या कारभारातील गैरव्यवहार शोधतात. काहीच सापडत नाही. तेव्हा ते त्याच्या प्रार्थनेविरुद्ध कायदा करवून घेतात. कायद्यावर सही झाल्याचे कळूनही दानीएल घरी जातो, माडीवरच्या यरुशलेमेकडील खिडक्या उघड्याच असतात, आणि रोजच्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो. त्या अधिकाऱ्यांनी त्याची दप्तरे आधी तपासली होती, ही गोष्ट प्रवचनांत बहुधा राहून जाते.